आधी खुराडं, मग तळं

अंगणातले पक्षी : लेखांक ६

बदकं पाळायची म्हटलं की पहिली चर्चा पाण्याची होते. हौद केवढा बांधायचा, शेततळं चालेल का, उन्हाळ्यात पाणी कुठून आणायचं, यावर घरात खल होतो. ती रात्री झोपणार कुठे, हे मात्र बदकं घरी आल्यावर ठरतं. कोंबड्यांचं जुनं खुराडं असलं तर ठीक, नाहीतर पऱ्हाट्यांचा आडोसा उभा राहतो. यवतमाळ जिल्ह्यात तरी हा क्रम उलटा हवा, असं माझं ठाम मत आहे. पाणी घमेलंभर असलं तरी बदक धडधाकट राहू शकतं. निवारा कच्चा असला तर सगळी बदकं एका रात्रीत जाऊ शकतात.

याचं कारण बदकाच्या घडणीत आहे. कोंबडी दिवेलागणीला आपणहून उंच जागा शोधते, दांडीवर चढून बसते. बदकाच्या पडदे असलेल्या पायांना दांडी पकडता येत नाही, ते जमिनीवरच झोपतं. आपली बहुतेक पाळीव बदकं मॅलार्ड या रानबदकापासून आली आहेत. मस्कोव्ही तेवढं वेगळ्या रानबदकापासून आलेलं. मॅलार्ड चाहूल लागताच पाण्यावरून सरळ हवेत झेपावतं. पिढ्यान्‌पिढ्या मांस आणि अंडी यांसाठी निवड होत गेली, त्यात पेकिन किंवा खाकी कॅम्पबेल यांची ही झेप हरवली. चढता येत नाही, उडता येत नाही, धावताही धड येत नाही, असा हा पक्षी. आणि त्याच्या भोवती मुंगूस, रानमांजर, कोल्हा, गावोगावची मोकाट कुत्री. टिपेश्वर अभयारण्याच्या बाजूच्या गावांत बिबट्यासुद्धा. पाणी असलं की बदकं त्यावर निर्धास्त झोपतील, ही समजूत मोठ्या जलाशयापुरती खरी. अंगणातल्या हौदात कुत्रं एका उडीत पोचतं.

म्हणून पहिला पैसा जाळीवर खर्च करावा. बाजारात स्वस्त मिळणारी षटकोनी घरांची कोंबडीजाळी पक्ष्याला आत ठेवण्यापुरती असते; कुत्रं ती दातांनी उसवतं. अर्ध्या इंचाच्या घरांची वेल्डेड जाळी घ्यावी आणि चौकटीला बाहेरून ठोकावी, म्हणजे जनावराने धडक दिली तर ती चौकटीवर दाबली जाते, खिळ्यांतून सुटत नाही. खालची कड फूटभर जमिनीत पुरावी, किंवा बाहेरच्या बाजूला दोन फूट आडवी अंथरून तिच्यावर दगड-माती टाकावी. उकरणारं जनावर भिंतीच्या पायथ्याशीच उकरतं. दोन फूट मागे सरकून सुरुवात करायचं त्याला सुचत नाही. आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे, ती काळ्या मातीची. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पुरलेल्या जाळीशेजारूनच वाट मोकळी होते. तिथली काळी माती काढून मुरूम भरावा आणि तो धुम्मसाने ठोकून घ्यावा.

आत दर बदकामागे चार चौरस फूट जागा पुरते. बदकाची विष्ठा कोंबडीपेक्षा फार पातळ, त्यामुळे बंद खोलीत ओल आणि अमोनियाचा वास साचतो. चारही बाजूंनी पक्की भिंत घालण्यापेक्षा वरचा अर्धा भाग जाळीचा ठेवावा आणि खाली तुरीचं किंवा सोयाबीनचं कोरडं कुटार अंथरावं. पावसाळ्यात ते वरचेवर बदलावं लागतं, यात आळस नको. पारा ४५ अंशांच्या आसपास जातो अशा जिल्ह्यात उघड्या टिनाखाली पक्षी कोंडणं म्हणजे भट्टीत ठेवणं. टिनावर पऱ्हाट्यांचा किंवा गवताचा जाड थर हवा. बदकं कोंबड्यांसारखी आपणहून घरी परततीलच असं नाही. सुरुवातीचे काही दिवस रोज ठरल्या वेळी थोडं दाणं दाखवून आत न्यावी लागतात, मग सवय लागते. या शिस्तीचा सरळ फायदाही आहे. बदक बहुतेक अंडी पहाटे ते सकाळी नऊच्या दरम्यान देतं. तोवर दार बंद ठेवलं तर अंडी कुटारात मिळतात, नाहीतर पाण्यात किंवा झुडपात जातात.

यावर पहिला आक्षेप असा की बदक पाणपक्षी आहे, त्याचं तळंच दुय्यम ठरवणं हा अन्याय नाही का? पोहणं त्याला आवडतं आणि ते मिळावंच. पण त्याची खरी गरज डोकं पूर्ण बुडेल एवढ्या खोल पाण्याची आहे. त्यावाचून नाकपुड्या आणि डोळे साफ राहत नाहीत. तेवढं रोज स्वच्छ मिळालं की पुढचा हौद ऐपतीप्रमाणे करावा. यंत्रात उबवलेल्या पिल्लांना तर पिसं येईपर्यंत पोहायला सोडूच नये. आईच्या पंखाखाली न वाढलेलं पिल्लू लवकर भिजतं आणि गारठून दगावतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: शेततळं तयारच असताना वेगळा हौद कशाला? २०१६ पासून ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेतून राज्यात ठिकठिकाणी तळी झाली, त्यातली मोठी ३० मीटर लांब, तितकीच रुंद आणि ३ मीटर खोल. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या उतारावर बदकाचे पाय घसरतात, बाहेर येता न आलेला पक्षी दमून बुडतो. शिवाय कपाशीच्या वावरातून वाहून येणारं पाणी त्यात उतरलं तर फवारणीचा अंशही येतो. २०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. मोनोक्रोटोफॉससारखी औषधं पक्ष्यांना किती घातक, हे अर्जेंटिनात १९९५-९६ मध्ये दिसलं; टोळांसाठी ते फवारलेल्या शेतांत हजारो ससाणे मरून पडले. तिसरी गोष्ट रानबदकांची. हिवाळ्यात ती मोठ्या पाण्यावर उतरतात आणि बर्ड फ्लूचा विषाणू बदकांच्या अंगात अनेकदा लक्षणं न दाखवता राहतो. २००६ मध्ये नवापूर आणि २०२१ मध्ये परभणीजवळचं मुरुंबा इथल्या कोंबड्यांवर जे ओढवलं, ते पाहता पाळीव बदकांना स्वतःचं वेगळं पाणी देणं आणि त्यांचं खुराडं कोंबड्यांपासून दूर ठेवणं शहाणपणाचं.

केरळात कुट्टनाडच्या भातखाचरांत मोकळे कळप फिरतात, हे उदाहरणही हटकून दिलं जातं. पण तिथेही संध्याकाळी कळप जाळ्याच्या कुंपणात घेतात आणि राखणीला माणूस असतो.

उरला पाण्याचा प्रश्न. २०१८ मध्ये निळोणा आणि चापडोह ही धरणं आटली तेव्हा यवतमाळ शहर टँकरवर आलं होतं; अशा ठिकाणी बदकांसाठी हौद भरणं अनेकांना पटणार नाही, आणि ते रास्तच आहे. पाच फूट लांब, चार फूट रुंद हौदात फूटभर पाणी धरलं तर साडेपाचशे लिटरच्या वर लागतं, आणि ते दोन-तीन दिवसांत गढूळ होतं. न बदलता साठवलं तर आणखी वाईट: तापलेल्या, कुजक्या पाण्यात बोट्युलिझमचं विष तयार होतं, बदकाची मान लुळी पडते आणि पक्षी दगावतो. त्यामुळे हौदाला तळाशी बूच हवंच, आणि काठाला खडबडीत उतार. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात तो भरावा. मार्चनंतर पाणी कमी पडू लागलं की तो कोरडा ठेवून सावलीत डोकं बुडेल एवढा टब द्यावा, सकाळ-संध्याकाळ ताज्या पाण्याचा. टबातलं काळं पाणी नत्राने समृद्ध असतं; लिंबाच्या किंवा शेवग्याच्या आळ्यात ओतलं की वाया जात नाही.

खाद्याचा विषय पुढच्या लेखांकात. एक गोष्ट मात्र तोवर थांबण्यासारखी नाही. घरात गुरांसाठी आणलेली सरकीची ढेप बदकांपुढे टाकू नये, त्यातलं गॉसिपॉल पक्ष्यांना अपायकारक असतं. बुरशी लागलेली भुईमुगाची ढेप तर त्याहून वाईट. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये अशाच पेंडीने टर्कींबरोबर बदकांची पिल्लंही मेली आणि त्यातून अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. या विषाला बदकाइतकं नाजूक पाळीव पाखरू क्वचितच असेल. म्हणून खाद्याचं पोतं खुराड्याच्या ओलीत ठेवू नये. घरात, फळीवर, भिंतीपासून वीतभर अंतर सोडून ठेवावं, आणि वास आला तर सरळ उकिरड्यावर टाकावं.