मावळतीच्या रेषा : हॉलंडचे काही पुस्तकचित्रकार

इ. स. १८८४ मध्ये पॅरिस येथे जोरिस-कार्ल युइसमान्स या लेखकाची ‘आ रबूर’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. जगाला विटलेला एक सरदारपुत्र शहराबाहेर घर घेतो, दिवसा झोपतो, रात्री जागतो आणि अत्तरे, दुर्मिळ ग्रंथ, चमत्कारिक फुले व चित्रे यांच्या संगतीत आयुष्य कंठू पाहतो, एवढेच तिचे कथानक. जिवंत कासवाच्या पाठीवर हा गृहस्थ हौसेने रत्ने जडवून घेतो आणि ते बिचारे कासव मरून जाते! युरोपात पुढे ‘डेकेडंट’ या नावाने जो कलासंप्रदाय गाजला त्याची ही कादंबरी म्हणजे जणू पोथीच ठरली. याच नायकाच्या घरातील एका खोलीच्या भिंतींवर यान लॉयकेन या सतराव्या शतकातील डच कोरीवकाराची चित्रे टांगलेली आहेत. धर्मासाठी छळ सोसून मरण पत्करलेल्या माणसांची ती भीषण चित्रे होत. हुतात्म्यांच्या एका जाडजूड ग्रंथासाठी लॉयकेनने १६८५ साली अशी शंभरावर चित्रे तांब्याच्या पत्र्यावर कोरली होती. स्वतः युइसमान्सचे वडीलही मूळचे हॉलंडचे, आणि पेशाने शिळाछापाचे चित्रकार. तेव्हा हॉलंडच्या चित्रकारांवर पॅरिसच्या या संप्रदायाचा परिणाम झाला असे म्हणताना, पाण्याचा पहिला पाट उलट दिशेनेही वाहिला होता हे ध्यानात ठेवलेले बरे.

‘डेकेडंट’ या शब्दाला मराठीत ‘ऱ्हासशील’ किंवा ‘अवनतिवादी’ असे म्हणता येईल. रोमन साम्राज्याच्या उतरत्या काळाशी स्वतःच्या काळाची तुलना करणारे हे लेखक-कवी होते. टीकाकारांनी शिवी म्हणून वापरलेला हा शब्द त्यांनी बिरुदासारखा मिरवला. १८८६ साली पॅरिसमध्ये याच नावाचे एक नियतकालिकही निघाले. निसर्गापेक्षा कृत्रिमता श्रेष्ठ, आरोग्यापेक्षा आजार अधिक सूक्ष्म, प्रकाशापेक्षा संध्याकाळ अधिक बोलकी, असा त्यांचा एकूण पवित्रा. चार भिंतींतल्या संसारी वाचकाला हे सारे नाटकी वाटेल, आणि त्यात पुष्कळसे नाटकी होतेही. पण त्या नाटकातूनच चित्रकलेला एक नवी रेषा मिळाली, आणि आमचा आजचा विषय ती रेषा हा आहे.

हॉलंडसारख्या देशात हे वारे शिरावे याचेच मोठे नवल! तो देश व्यापाऱ्यांचा, धरणे-कालव्यांचा, दुभत्या गाईंचा. तेथील एकोणिसाव्या शतकातील नामवंत चित्रकारांनी करडे आभाळ, ओली कुरणे आणि कोळ्यांच्या होड्या यांतच समाधान मानले. तथापि १८८५ साली ‘द न्यूव्ह गिड्स’ हे नियतकालिक निघाले आणि तरुण लेखकांची एक बंडखोर पिढी पुढे आली. १८९२ मध्ये फ्रेंच कवी पॉल व्हर्लेन व्याख्यानांसाठी हॉलंडला आला. दारूने व दैन्याने खचलेला तो थोर कवी पाहण्यासाठी हेगच्या साहित्यिक-कलावंतांची दाटी झाली, आणि त्याचे व्यक्तिचित्र रेखाटले यान टोरोप या चित्रकाराने.

टोरोपविषयी आम्हांस थोडे विस्ताराने सांगावयाचे आहे. त्याचा जन्म हॉलंडमधला नव्हे. जावा बेटावरील पुरवोरेजो या गावी १८५८ साली तो जन्मला. बाप डच सरकारचा अंमलदार आणि घराणे मिश्र रक्ताचे. दहा वर्षांचा असताना, १८६९ साली, शिक्षणासाठी त्याला हॉलंडला धाडण्यात आले. जन्मभूमीचे दर्शन त्याला पुन्हा घडले नाही. डेल्फ्ट, ॲमस्टरडॅम व ब्रसेल्स येथे तो शिकला, ब्रसेल्सच्या ‘ले व्हँ’ या वीस बंडखोर कलावंतांच्या मंडळात सामील झाला आणि युरोपातील प्रत्येक नवी रीत त्याने हाताखालून घातली. एवढे सगळे करून झाल्यावर त्याच्या कागदावर जे उमटले ते मात्र जावाचे होते.

१८९३ साली त्याने ‘तीन वधू’ हे चित्र काढले. पिवळट-तपकिरी कागदावर काळ्या व रंगीत खडूंनी काढलेले हे चित्र उंचीपेक्षा थोडे अधिक रुंद आहे. मध्यभागी मानवी वधू, पारदर्शक बुरख्यात. डाव्या हाताला ख्रिस्ताला वरलेली जोगीण. उजवीकडे सैतानाची वधू, गळ्यात मुंडक्यांची माळ घातलेली. सभोवती काटेरी गुलाब. वरच्या दोन्ही कोपऱ्यांत खिळे ठोकलेल्या हातांतून घंटा लोंबत आहेत, आणि त्या घंटांचा नाद रेषांच्या रूपाने खाली ओघळत येतो. त्याच रेषा पुढे तरुणींचे मोकळे केस होतात. आवाज डोळ्यांना दिसावा ही कल्पनाच विलक्षण! या सख्यांचे हात पाहावेत: काटकुळे, कोपरात मोडलेले, मनगटाशी निमुळते. चेहरे एका बाजूने दिसणारे, कपाळ मागे उतरते. जावाच्या ‘वायांग’ खेळातील चामड्याच्या बाहुल्या ज्याने पाहिल्या असतील त्याला हे हात कोठून आले ते सांगावे लागणार नाही.

आणि आपल्याकडील वाचकांना तर मुळीच सांगावे लागू नये. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर समाजाने चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे. पडद्यामागे दिवा, दिव्यापुढे बाहुली, आणि ओठांवर रामकथा. जावामध्येही वायांगचे मुख्य विषय रामायण-महाभारतच. समुद्रापलीकडील त्या बेटावर राम, अर्जुन, घटोत्कच यांच्या सावल्या शतकानुशतके नाचत आल्या, आणि त्या सावल्यांचे हात शेवटी हॉलंडमधील एका ख्रिस्ती विषयाच्या चित्रात येऊन पोहोचले. महाराष्ट्राबाहेर वस्ती करून राहिलेल्या आम्हां मंडळींना यात काही ओळखीचे वाटले तर आश्चर्य नाही. दहाव्या वर्षी सुटलेला गाव पस्तिसाव्या वर्षी बोटांतून उतरतो, तोही न बोलावता.

लंडनच्या ‘द स्टुडिओ’ या मासिकाने त्याच वर्षी, १८९३ मध्ये, हे चित्र छापले. ऑब्री बिअर्ड्‌स्ली हा इंग्रज चित्रकार जगापुढे आला तोही याच मासिकाच्या पहिल्या अंकातून. ऑस्कर वाइल्डच्या ‘सलोमे’साठी १८९४ साली प्रसिद्ध झालेली त्याची काळ्या-पांढऱ्या रंगांतील चित्रे पुढे साऱ्या युरोपभर गाजली. मासिकांच्या पानांवरून त्या काळी कला अशी देशोदेशी फिरत असे. दीनानाथ दलाल यांच्या चित्रांची मुखपृष्ठे जपून ठेवणाऱ्या मराठी घरांना त्याचे महत्त्व वेगळे पटवून द्यावयास नको.

टोरोपच्या बाबतीत पुढे मोठी गंमत झाली. ज्या रेषेने त्याने मृत्यू, पाप आणि वैराग्य यांची चित्रे काढली तीच रेषा १८९४ साली एका जाहिरातीत वापरली. डेल्फ्ट येथील तेलाच्या कारखान्याला आपल्या कोशिंबिरीच्या तेलाचा खप वाढवावयाचा होता. टोरोपने दोन स्त्रिया काढल्या. एक कोशिंबीर कालवते आहे, आणि दोघींच्या केसांच्या लाटांनी सबंध कागद व्यापून टाकला आहे. हे भित्तिपत्रक इतके लोकप्रिय झाले की हॉलंडमध्ये या नव्या वळणदार शैलीला लोक ‘स्लाओली-स्टाइल’, म्हणजे ‘कोशिंबीर-तेलाची शैली’, म्हणू लागले! अवनतीचे तत्त्वज्ञान स्वयंपाकघरात शिरले ते असे. काही समीक्षकांना यात कलेचा अपमान दिसतो. आम्हांस मात्र त्यात डच स्वभावाचा व्यवहारी गोडवाच दिसतो. टोरोप पुढे १९०५ साली कॅथलिक झाला, धार्मिक चित्रांत रमला आणि १९२८ मध्ये हेग येथे वारला.

त्याचा समकालीन योहान टॉर्न प्रिकर याने ‘वधू’ या चित्रात वधू आणि क्रूसावरील ख्रिस्त ही दोन्ही रूपे जवळजवळ नुसत्या रेषांत विरघळवून टाकली; पुढे तो जर्मनीत जाऊन रंगीत काचांच्या खिडक्यांचा मोठा कारागीर झाला. मारियुस बाउअर याचे नाव येथे घ्यावयाचे ते काशीसाठी. व्हिलिए द लील-आदाँ या फ्रेंच लेखकाने काशीच्या एका काल्पनिक राणीवर ‘आकेदिसेरिल’ ही कथा लिहिली होती. १८९४ साली तिच्यासाठी बाउअरने चित्रे काढली, आणि प्रत्यक्ष हिंदुस्थान पाहिला तो त्यानंतर काही वर्षांनी.

मात्र या चित्रकारांना खरा जोडीदार मिळाला तो कादंबरीकार लुई कुपेरुस. हेगच्या वरिष्ठ सरकारी वर्तुळात वाढलेला, बालपणाची काही वर्षे बटाव्हियात घालवलेला हा लेखक डच अवनतिवादी साहित्याचा मुकुटमणी होय. वाइल्डच्या ‘डोरियन ग्रे’ या कादंबरीचे डच भाषांतर त्याच्याच पत्नीने, एलिझाबेथ हिने, १८९३ साली केले. कुपेरुसच्या ‘सायकी’ या परीकथेचे वेष्टण १८९८ मध्ये टोरोपने सजवले. १९०० साली निघालेल्या ‘द स्टिले क्राख्त’, म्हणजे ‘मूक शक्ती’, या कादंबरीची कथा तर जावातच घडते. सर्व कारभार चोख ठेवणारा एक डच अधिकारी, आणि न दिसणाऱ्या, न बोलणाऱ्या शक्तीपुढे हळूहळू ढासळणारा त्याचा संसार. या पुस्तकाच्या बांधणीसाठी ख्रिस लेबो या कलावंताने जावाची बाटिक पद्धत वापरली. कापडावर वितळलेल्या मेणाने नक्षी काढावयाची, ते रंगात बुडवावयाचे, मेण असेल तेथे रंग चढत नाही; मग मेण काढून टाकावयाचे. साम्राज्याच्या ऱ्हासाची कथा, आणि तिला कापड नेसवले तेही जित लोकांच्या हातकारागिरीचे. लेखकाच्या लेखणीइतकेच त्या पुठ्ठ्यानेही त्या काळाविषयी सांगून ठेवले आहे.

आता ज्याच्यासाठी आम्ही मुख्यतः हा लेख लिहावयास घेतला त्या चित्रकाराकडे वळू. कारेल द नेरे टॉट बाब्बेरिख हे त्याचे लांबलचक नाव. जर्मन सरहद्दीलगतच्या बाब्बेरिख येथील गढीवजा घरात १८८० साली त्याचा जन्म झाला. घराणे खानदानी आणि कॅथलिक. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्याने घेतले नाही. हेगला परराष्ट्र खात्यात तो नोकरीस लागला आणि दफ्तर आवरल्यावर चित्रे काढू लागला. हेन्री फान बोव्हेन हा लेखक त्याचा जिवलग मित्र. दोघे मिळून बोदलेर, व्हर्लेन, युइसमान्स वाचीत. हॉलंडमध्ये अवनतिवादी म्हणावे असे साहित्यिक-कलावंतांचे मंडळ कधी मोठे झाले नाही; एका खोलीत मावेल एवढेच ते होते.

विसाव्या वर्षी त्याने कुपेरुसच्या ‘एक्स्टाझे’ या कादंबरीसाठी चित्रमाला काढावयास घेतली. तरुण विधवा सेसिल आणि टाको क्वार्ट्‌स हा पुरुष यांच्यातील, देहापलीकडे जाऊ पाहणाऱ्या प्रेमाची ती कथा. कादंबरी आठ वर्षांपूर्वीच, १८९२ साली, प्रसिद्ध झालेली होती आणि चित्रांवाचून तिचे काही अडलेले नव्हते. अडले होते या तरुणाचे. त्या चित्रांत बिअर्ड्‌स्लीचा काळा रंग आहे, टोरोपचे लांबट हात आहेत. उसनवारी स्पष्ट दिसते आणि ती लपवण्याचा प्रयत्नही नाही. परंतु बिअर्ड्‌स्ली ज्या जागी खट्याळपणे डोळा मारतो त्या जागी द नेरे अबोल राहतो. त्याच्या स्त्रिया कोणाकडेच पाहत नाहीत. मोठ्या कोऱ्या जागेत एक उभी आकृती, वस्त्रावर मुंगीच्या पावलांएवढी बारीक नक्षी, मिटत आलेले डोळे.

या सबंध संप्रदायावर एक आक्षेप रास्तपणे घेता येतो. या चित्रांतील स्त्री एक तर साध्वी असते नाही तर चेटकीण. घरात वावरणारी, हिशेब ठेवणारी, मुलांना रागावणारी स्त्री यांना दिसतच नाही. आक्षेप खरा आहे. द नेरेच्या बाबतीत एवढेच म्हणता येईल की त्याच्या चित्रांतील पुरुषही तितकेच पांढरेफटक आणि मुके आहेत. त्याने स्त्रीवर आजार लादला असे आम्हांस वाटत नाही. आजार त्याच्या स्वतःच्याच छातीत होता.

१९०१ साली सरकारी कामावर त्याला माद्रिदला पाठवण्यात आले, आणि लवकरच क्षयाने त्याला गाठले. कोख यांनी क्षयाचे जंतू १८८२ मध्येच शोधून काढले होते. पण त्यांना मारणारे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, हाती यावयास १९४३ साल उजाडावे लागले. मधल्या साठ वर्षांत रोग्याला डॉक्टर एकच गोष्ट देऊ शकत: डोंगरावरील हवा. बिअर्ड्‌स्ली याच रोगाने १८९८ मध्ये, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, फ्रान्सच्या किनाऱ्यावर वारला होता. द नेरेची उरलेली वर्षे हवापालट, अंथरूण आणि कागद यांत गेली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला मोठा कॅनव्हास पेलत नाही. शाई, पेन्सिल, खडू, थोडा सोनेरी रंग एवढेच त्याच्या हाताजवळ राहिले. ‘आजार अधिक सूक्ष्म’ ही पॅरिसच्या कवींची मिरवण्याची ओळ होती. याच्या वाट्याला ती तशीच्या तशी, खोकल्यासह, आली.

१९०९ च्या ऑक्टोबरमध्ये जर्मनीतील काळ्या अरण्याच्या प्रदेशात टोड्‌टमोस येथे तो मरण पावला, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी. हयातीत त्याने आपली चित्रे प्रदर्शनात मांडली नाहीत. मोजक्या स्नेह्यांपलीकडे ती कोणी पाहिलेली नव्हती.

मित्र फान बोव्हेन मात्र दीर्घायुषी ठरला. काँगोच्या प्रवासावरची त्याची ‘ट्रोपेनवे’ ही कादंबरी १९०४ साली आली होती. आणि ज्या कुपेरुसची पुस्तके ते दोघे तरुणपणी एकत्र बसून वाचीत असत, त्या कुपेरुसचे पहिले चरित्र १९३३ साली त्यानेच लिहिले.