नवाबाच्या मुलखात परक्यांचे युद्ध

ऑस्ट्रियाच्या गादीच्या वारशावरून १७४० मध्ये युरोपात युद्ध पेटले. १७४४ मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड त्यात उघडपणे एकमेकांविरुद्ध उतरले आणि त्याची झळ कोरोमंडल किनाऱ्याला लागली. पाँडिचेरीत फ्रेंच, मद्रासेत इंग्रज. दोघांच्याही वखारी अर्काटच्या नवाबाच्या मुलखात, म्हणजे तेव्हाच्या कर्नाटकात. या पहिल्या कर्नाटक युद्धाची हकीकत आपण बहुधा डुप्ले आणि क्लाइव्ह यांच्या कर्तबगारीच्या अंगाने वाचतो. मला त्यात नवाब अन्वरुद्दीन खानाची बाजू जास्त महत्त्वाची वाटते. जमीन त्याची होती आणि तिच्यावर लढायला मनाई करण्याचा अधिकारही त्याचाच होता.

तो त्याने वापरलाही. पाँडिचेरीचा गव्हर्नर डुप्ले याच्यापाशी सुरुवातीला आरमार नव्हते. इंग्रजी आरमार फ्रेंचांची व्यापारी जहाजे धरू लागले, तेव्हा त्याने नवाबाकडे धाव घेतली. नवाबाने पाँडिचेरीवर हल्ला करू नये असे इंग्रजांना बजावले आणि त्यांनी ते मानले.

१७४६ मध्ये पारडे फिरले. मॉरिशसचा गव्हर्नर ला बुर्दोने जहाजांचा काफिला घेऊन आला. जुलैत नागपट्टणजवळ झालेली आरमारी लढाई अनिर्णित राहिली, पण इंग्रज सेनानी पेटन मागे हटला आणि मद्रास उघडे पडले. सप्टेंबरात ते फ्रेंचांच्या हाती गेले. आता इंग्रजांनी नवाबाकडे दाद मागितली. नवाबाने फ्रेंचांना मनाई केली. डुप्लेने शहर तुमच्याच ताब्यात देतो, असे सांगून त्याची समजूत काढली. तिकडे ला बुर्दोने ११ लाख होनांच्या खंडणीवर शहर इंग्रजांना परत द्यायला तयार झाला होता. दोघा फ्रेंचांचे यावरून बिनसले. ऑक्टोबरच्या वादळात ला बुर्दोनेची जहाजे मोडली, तो निघून गेला आणि डुप्लेने तो करार झुगारून दिला. नवाबाला दिलेला शब्दही त्याने पाळला नाही.

नवाबाने मुलगा महफूज खान याला सुमारे दहा हजार फौजेनिशी धाडले. नोव्हेंबरच्या आरंभी सेंट थोमजवळ, अड्यार नदीच्या काठी ही फौज उभी होती. पाँडिचेरीहून पाराडी नावाचा स्विस अधिकारी जेमतेम हजारभर माणसे घेऊन आला. त्यांतही बहुसंख्य हिंदी शिपाईच होते. समोर तोफा असताना ही पलटण नदी उतरून आली, रांग धरून एकदम बंदुका झाडल्या आणि संगिनी रोखून धावली. नवाबी फौज उधळली. महफूज खानाचा हत्तीही मागे फिरला. कवायत शिकलेल्या थोड्या पायदळापुढे मोठी घोडदळी फौज टिकत नाही, हे त्या दिवशी उघड झाले. हीच विद्या पुढे फ्रेंच सेनानी बुसीच्या हाताखाली तयार झालेल्या इब्राहिमखान गारद्याबरोबर पेशव्यांच्या छावणीत आली.

अर्काटची सत्ता आधीच खिळखिळी झाली होती, आणि त्यात मराठ्यांचाही वाटा होता. १७४० मध्ये रघूजी भोसल्यांनी दमलचेरीच्या लढाईत तेव्हाचा नवाब दोस्त अली याला ठार केले. पुढच्या वर्षी त्रिचनापल्ली घेऊन त्याचा जावई चंदासाहेब याला कैद करून साताऱ्याला नेले. स्वारी फत्ते झाली, पण त्या मुलखाची कायमची घडी कोणी बसवली नाही.

१७४८ च्या एक्स-ला-शापेलच्या तहात मद्रास इंग्रजांना परत मिळाले आणि त्याच्या बदल्यात उत्तर अमेरिकेतले लुईबुर्ग फ्रान्सला. ज्याच्या मुलखात मद्रास होते, त्या नवाबाला कोणी विचारलेही नाही. वर्षभरात, ऑगस्ट १७४९ मध्ये, साताऱ्याच्या कैदेतून सुटलेल्या चंदासाहेबाने फ्रेंच पलटणींच्या मदतीने अंबूर येथे अन्वरुद्दीनला लढाईत मारले.

हिंदुस्थानातील युरोपीय राज्याची सुरुवात आपण प्लासीपासून मोजतो. ती अकरा वर्षे आधीपासून मोजायला हवी. स्वतःच्या मुलखात स्वतःचा हुकूम ज्याला बजावता येत नाही, त्याचे राज्य त्याच दिवशी गेलेले असते. कर्नाटकात तो दिवस १७४६ मध्ये उजाडला.