श्रमदानाची मुकादमी

गेल्या डिसेंबरात आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे विशेष शिबिर भीमाशंकरच्या वाटेवर, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत भरले होते. काम होते ओढ्यावर वनराई बंधारा घालण्याचे. स्वयंसेवक 50 आणि त्यांचा गटप्रमुख मी. पहिल्या सकाळी हत्यारे मोजली तो निघाली 4 कुदळी, 5 फावडी आणि 6 घमेली! पंधराजण घामाघूम झाले. उरलेले पस्तीस काठावर बसून गाणी म्हणू लागले. तिसऱ्या दिवशी ते पंधराही बसले. हत्यारे आगाऊ मोजणे माझे काम होते आणि ते मला सुचलेही नव्हते.

ही योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, 37 विद्यापीठांतून सुरू झाली. स्वयंसेवकाने दोन वर्षांत 240 तास भरायचे, हे आपणां सर्वांना पाठ आहे. पण त्या स्वयंसेवकांना कामाला लावणाऱ्याने ती विद्या कोठे शिकायची? कार्यक्रम अधिकारी होणाऱ्या प्राध्यापकांसाठी उद्बोधन वर्ग असतात, पुढे उजळणी वर्गही असतात. अहमदनगर महाविद्यालयात (शहराचे नाव आता अहिल्यानगर) असे प्रशिक्षण केंद्र अनेक वर्षे चालले. गावाची पाहणी, शिबिराची आखणी, हिशेब हे सारे त्या वर्गांत येते. मात्र काही वर्षांनी अधिकारी बदलतात आणि त्यांचे अनुभव त्यांच्याबरोबर जातात. विद्यार्थी गटप्रमुखाच्या वाट्याला तर एक शिट्टी आणि हजेरीची वही, एवढेच येते.

इंग्लंड-अमेरिकेत रुग्णालये, संग्रहालये यांतून स्वयंसेवकांचा व्यवस्थापक हा पगारी हुद्दा असतो. त्यांच्या संघटना आहेत, पुस्तके आहेत. 5 डिसेंबर हा स्वयंसेवक दिन आपण साजरा करतो. तसा या व्यवस्थापकांचाही दिवस असतो, 5 नोव्हेंबरला. आपल्याकडे तो बहुधा दिवाळीच्या सुट्टीत वाहून जातो.

बंधारा दोन दिवस उशिरा झाला म्हणून कोणाचे बिघडत नाही, असे कोणी म्हणेल. पण याच आंबेगाव तालुक्यात 30 जुलै 2014 रोजी माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले आणि दीडशेच्या आसपास माणसे गेली. तशा जागी धावून आलेल्या शंभर हौशी हातांना कोणी वळण लावले नाही, तर बचावाच्या गाड्यांची वाटच अडते. कोणाला चिखलात उतरवायचे, कोणाला नावे लिहायला बसवायचे आणि कोणाला सरळ घरी पाठवायचे, हे ऐन वेळी शिकता येत नाही.

चौथ्या दिवशी वाडीतले एक म्हातारे बाबा काठी टेकीत आले. थोडा वेळ पाहून म्हणाले, "पोरा, तुझी मान्सं लई हायेत, आन् काम थोडं." या भागातले महादेव कोळी पडकई करतात. चार-पाच घरांनी एकत्र येऊन डोंगरउतारावर दगडी बांध रचायचे आणि भातखाचर तयार करायचे. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. देशावर सावड म्हणतात, त्याच जातीची ही रीत. बाबांचा जन्म त्यात गेलेला. त्यांनी पस्तीस जणांची टेकडीपासून ओढ्यापर्यंत रांग लावली आणि दगड हातोहात खाली येऊ लागले. त्याला हत्यार लागत नाही, फक्त माणसे लागतात! बाकीच्यांपैकी काहींनी पोती भरली, काहींनी सुतळीने त्यांची तोंडे शिवली. दगड मात्र ते स्वतःच बसवीत. संध्याकाळी त्यांनी काठावर खुंटी ठोकली : "उद्या हितवर." मी तोवर फक्त तास मोजत होतो.

सहाव्या दिवशी दुपारी पाणी अडले. पडकईतल्या माणसाला आपल्या श्रमाची परतफेड शेजाऱ्याच्या श्रमाने मिळते. आमच्या मुलांना तशी काय मिळाली, हा प्रश्न माझ्यापुरता अजून सुटलेला नाही. प्रमाणपत्र हे काही त्याचे उत्तर नव्हे. पण त्या दिवशी जेवायला कोणाला हाका माराव्या लागल्या. खुंटी गाठल्याशिवाय कोणी हलेना.

परतल्यावर सरांच्या संमतीने मी एक जाड वही घातली आहे. ती पुढच्या गटप्रमुखासाठी योजनेच्या कपाटात ठेवली आहे. पहिल्या पानावर त्या सहा घमेल्यांचा हिशेब आहे. दुसऱ्यावर सूचना आहे : गटप्रमुखाने आठ दिवस आधी वाडीत जावे, हत्यारे मोजावीत आणि तेथील एका जाणत्या माणसाला कामाचा मुकादम होण्याची विनंती करावी. पुढची पाने कोरी आहेत.