साहेबी सोडून भिक्षुकीकडे

आपल्यापैकी काही घराण्यांचा इतिहास एका वाक्यात सांगता येतो : पणजोबांनी भिक्षुकी सोडली आणि नोकरी धरली. आमच्या बडोद्यात गायकवाडी अमलात कारकुनाची वा मास्तरची जागा मिळाली, की घराने पिढ्यांचे दारिद्र्य ओलांडले असे समजत. अशाच एका घराण्यातील आमचे स्नेही वयाच्या ५२ व्या वर्षी बँकेतील अधिकारपद सोडून लग्ने लावू लागले. "साहेब होता, भटजी झाला," असे त्यांच्या सख्ख्या मेहुण्याने चारचौघांत म्हटलेले आम्ही ऐकले आहे.

त्यांना झाले होते तरी काय? रक्तदाब ठीक, साखर ठीक. वसुलीची उद्दिष्टे आणि रात्री नऊपर्यंतच्या बैठका यांत २८ वर्षे गेल्यावर, समोर कर्ज मागायला बसलेल्या माणसाचा चेहराच त्यांना दिसेनासा झाला होता. इंग्रजीत या अवस्थेस 'बर्नआउट' म्हणतात. फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञाने १९७४ साली तिचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्वीकारलेल्या वर्गीकरणात तिची तीन लक्षणे दिली आहेत : शक्ती संपून जाणे, कामाविषयी दुरावा वा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटणे. संघटना तिला रोग म्हणत नाही; कामातून उद्भवणारी अवस्था म्हणते. आपल्या भाषेत 'मन विटणे' एवढे पुरेसे आहे, असे आम्हांस वाटते. विटलेल्या मनाला नुसत्या रजेने गुण येत नाही. स्नेह्यांनी तीन महिने रजा घेऊन पाहिली. कामावर परतल्यावर पहिल्याच सोमवारी तोच उबग.

मुंजीनंतर आजोबांनी पाठ करून घेतलेली सूक्ते तेवढी जिभेवर शिल्लक होती. नोकरीचा राजीनामा देऊन ते एका वृद्ध गुरुजींकडे दोन वर्षे जात राहिले. पहिले वर्ष साहित्याची पिशवी उचलण्यात, पाट मांडण्यात आणि समिधा मोजण्यात गेले. ज्याच्या एका सहीसाठी माणसे ताटकळत, त्याने दर्भ निवडत बसावे, हे पत्नीला प्रारंभी फार लागले. गुरुजी मात्र कडक. मंत्र बिनचूक म्हटला तरी अर्थ विचारीत. अर्थ आला नाही की तो दिवस वाया.

पुरोहिताला अर्थ कळला पाहिजे, हा विचार बडोद्याला नवा नाही. सयाजीराव महाराजांच्या राज्यात १९१५ साली पुरोहितांसाठी कायदा झाला आणि परीक्षा व सनद यांची अट आली. १९३६ साली डॉ. आंबेडकरांनी 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये, पौरोहित्य वंशपरंपरेने न चालता परीक्षा देऊन सनद मिळवणाऱ्या कोणाही हिंदूस खुले असावे, अशी मागणी केली. पुण्यात शंकरराव थत्ते यांनी १९७० च्या दशकात स्त्रियांना पौरोहित्य शिकवण्याचा उपक्रम हाती घेतला. पुढे ज्ञानप्रबोधिनीने जात वा स्त्री-पुरुष असा भेद न ठेवता ते शिक्षण दिले. आज सनदेची सक्ती नाही. चार मंगलाष्टके चालीवर म्हणता आली, की कोणीही उपरणे घेऊन उभा राहतो.

आणि काम तर जोखमीचे. हिंदू विवाह कायद्याच्या (१९५५) ७ व्या कलमानुसार, ज्या विधीत सप्तपदी आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. विधीच झाले नसतील तर केवळ नोंदणीने हिंदू विवाह होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली स्पष्ट केले. म्हणून आमचे स्नेही सप्तपदीच्या वेळी छायाचित्रकारास मांडवाबाहेर उभे करतात. "गुरुजी, पाचवे पाऊल पुन्हा एकदा," अशी फर्माईश त्यांनी एकदा ऐकली होती!

आमच्याकडची खरी कसोटी निराळीच. मुलगी मराठी आणि मुलगा गुजराती, अशी लग्ने आता नित्याची झाली आहेत. अंतरपाट दोघांनाही परिचित, पण वरपक्षाला हस्तमेळाप आणि चार मंगळफेरे हवे असतात, आणि आपल्या आत्याबाई विचारतात, "चारच कसे?" अशा वेळी पुण्याहून आलेले गुरुजी घड्याळ पाहतात, आमचे स्नेही थांबतात. लग्नापूर्वी आठ दिवस दोन्ही घरी जाऊन कोणता विधी कोणाच्या रीतीने, हे ते कागदावर लिहून घेतात. (बँकेतली ही सवय कामी आली.) तांदळाच्या सात राशींवरून वधू चालते तेव्हा अन्न, बळ, धन, सुख, संतती, ऋतू आणि सख्य, हा प्रत्येक पावलाचा अर्थ ते आधी मराठीत, मग गुजरातीत सांगतात. वराची आजी एरवी अशा वेळी शेजारणीशी बोलत असते. ती कान देऊन ऐकते, हे आम्ही पाहिले आहे. बँकेत न दिसणारे चेहरे त्यांना येथे दिसू लागले असावेत.

हा व्यवसाय विसाव्याचा आहे असा मात्र कोणी समज करून घेऊ नये. वैशाखात एका दिवसात दोन मुहूर्त, धुराने चुरचुरणारे डोळे, मांडी घालून धरलेली कंबर. निवृत्तिवेतन नसते तर दक्षिणेवर घर चालले नसते, असे ते स्वतःच सांगतात. आषाढी एकादशीपासून कार्तिकापर्यंत लग्ने नाहीत. पैशाची ओढाताण होते, पण ग्रंथ उघडण्यास वेळ मिळतो.

यंदाच्या चातुर्मासात त्यांच्याकडे दोघे शिकावयास येत आहेत. त्यांपैकी एक बाई निवृत्त परिचारिका आहेत. आवाज खणखणीत, उच्चार शुद्ध. "बाईंनी होमाला बसलेले चालेल का?" अशी विचारणा दोन घरांतून झाली, तिसऱ्या घराने काही विचारले नाही. त्या घरचे लग्न मार्गशीर्षात आहे.