शब्बाथशाळेचा मधला वर्ग: मुलांकडून नेमकं काय हवं असतं?

जूनच्या पहिल्या रविवारी वर्ग बदलून आलेली मुलं हमखास एक प्रश्न विचारतात, "टीचर, इथे परीक्षा असते का?" असते, वर्षातून एकदा. पण पाचवी ते आठवीच्या या वर्गात ती सगळ्यात कमी महत्त्वाची गोष्ट आहे, हे त्यांना पटायला साधारण दिवाळी उजाडते.

मराठी मंडळ्यांच्या शब्बाथशाळेत हा मधला वर्ग घ्यायला सहसा कुणी पुढे येत नाही. लहानांना गोष्ट सांगितली, रंगवायला तारवाचं चित्र दिलं की तास निभावतो. मोठी मुलं तरुण संघात जातात, त्यांचं ती बघतात. मधल्यांचा आवाज फुटत असतो, उंची एका सुट्टीत चार बोटं वाढते आणि दाविदाची गोष्ट अर्ध्यावर असताना मागच्या बाकावरून "पण असं का?" येतं. मी बरीच वर्षं हाच वर्ग घेते आहे. पालक दरवर्षी तेच विचारतात, म्हणून एकदा सगळं लिहून काढलं.

नाव शब्बाथ, वार रविवार

पहिला प्रश्न नावावरूनच येतो. शब्बाथ म्हणजे शनिवार, मग आपली शाळा रविवारी का? प्रश्न अगदी बरोबर आहे. यहुद्यांचा विसाव्याचा दिवस शनिवार. त्यासाठी इस्राएलपर्यंत जायलाही नको. कोकणातले बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. ख्रिस्ती लोक येशूच्या पुनरुत्थानाची आठवण म्हणून रविवारी एकत्र येऊ लागले. वार बदलला, जुना शब्द मात्र आमच्याकडे शाळेला चिकटून राहिला. सेव्हन्थ डे ॲडव्हेंटिस्ट मंडळ्यांमध्ये ही शाळा आजही खरोखर शनिवारीच भरते.

रविवारच्या शाळेची चळवळ पसरली ती इंग्लंडातल्या ग्लॉस्टर गावातून. रॉबर्ट रेक्स या वृत्तपत्रवाल्याने १७८० मध्ये तिथे आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी रविवारी वर्ग सुरू केले. त्या वर्गांत मुलं मुळात वाचायला शिकत, आणि पुस्तक होतं बायबल. हे मी मुद्दाम सांगते, कारण आमच्या वर्गाची मुख्य अपेक्षाही तीच आहे: वाचता येणं. पुढचं सगळं त्यातून येतं.

स्वतःचं पवित्र शास्त्र, आणि तेही कागदाचं

प्रत्येकाजवळ स्वतःचं पवित्र शास्त्र हवं. आजोबांचं, पानं सुटलेलं असलं तरी चालेल. उलट ते मला जास्त आवडतं, कारण त्यात कुणीतरी पेन्सिलीने खुणा केलेल्या असतात. मोबाइलवरचं नको. माझा राग मोबाइलवर नाही. पण मोबाइलवर 'हबक्कूक' टाइप केलं की हबक्कूक येतो आणि तो नहूम नि सफन्या यांच्या मध्ये बसलाय हे कधीच कळत नाही. पानं उलटताना आजूबाजूची वस्ती कळते.

जुन्या करारात ३९ पुस्तकं, नव्यात २७, अशी एकूण ६६. पाचवीच्या शेवटी ती क्रमाने म्हणता यावीत. बारा लहान संदेष्ट्यांपाशी बहुतेकांची गाडी अडते. त्यांना आम्ही चाल लावली आहे, ती बेसूर आहे, पण लक्षात राहते. वर्गात वसईकडचं एखादं कॅथलिक मूल पाहुणं म्हणून आलं तर ते म्हणतं, आमच्याकडे तर ७३ आहेत. तेही खरंच आहे. कॅथलिक बायबलच्या जुन्या करारात ४६ पुस्तकं धरली जातात. यावर भांडण करायचं नाही, दोन्ही याद्या फळ्यावर लिहायच्या.

मग संदर्भ शोधणं. मत्तय ५:९ म्हणजे पाचवा अध्याय, नववं वचन. हे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत, हे कळलं की मुलं चकित होतात. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकातली, आणि नव्या कराराच्या वचनांना आजचे क्रमांक मिळाले ते १५५१ मध्ये, रोबेर एस्तिएन या छपाईवाल्याकडून. पौलाने पत्र लिहिलं तेव्हा ते सलग पत्र होतं. म्हणून एकच वचन उचलून कुणाच्या डोक्यात मारायचं नाही. हा नियम मोठ्यांनाही लागू आहे, पण ते माझ्या वर्गात नसतात.

मोठ्याने वाचता यायला हवं

दर रविवारी तिघांनी शास्त्रपाठ उभं राहून वाचायचा. पुण्या-मुंबईत खरी अडचण इथे येते. मुलं इंग्रजी शाळेतली, घरी मराठी बोलतात, पण देवनागरीतलं 'नबुखद्नेस्सर' समोर आलं की थांबतात. हसायचं नाही, हा वर्गाचा सगळ्यात कडक नियम. हसणाऱ्याने पुढचा परिच्छेद वाचायचा, आणि तो मी वंशावळीतला निवडते.

भाषाही जुन्या वळणाची आहे. शब्द अडला तर खाली रेघ मारायची आणि विचारायचं. शास्त्र सोपं असावं ही ओढ आपल्याकडे जुनीच आहे. पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी भाषांतर करण्यात घालवली, कारण फारशा न शिकलेल्या बायकांनाही ते वाचता यावं. १९२२ मध्ये त्या वारल्या. दौंडजवळच्या केडगावला, मुक्ती मिशनच्या छापखान्यात, ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये छापून निघालं. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' आलं. एखादं वचन डोक्यात शिरत नसेल तर दोन भाषांतरं शेजारी ठेवून बघणं ही सातवी-आठवीकडून अपेक्षा आहे. वकिली न करता दोन्हींत काय वेगळं आहे तेवढं सांगायचं.

पाठांतर किती?

आठवड्याला एक सुवचन, संदर्भासकट. शिवाय मोठे चार उतारे वर्षभरात: दहा आज्ञा, तेविसावं स्तोत्र, प्रभूची प्रार्थना आणि डोंगरावरील प्रवचनातली धन्यवचनं. ११९ वं स्तोत्र कुणालाच सांगत नाही; त्याची १७६ वचनं आहेत.

दरवर्षी एखादा पठ्ठ्या योहानाच्या अकराव्या अध्यायातलं पस्तिसावं वचन पाठ करून येतो. ते 'येशू रडला' एवढ्या दोन शब्दांचं आहे, हे त्याला मोठ्या भावाने सांगितलेलं असतं. मी ते मान्य करते. मग विचारते, "येशूला तिथे रडू का आलं? मेलेल्या लाजराला, म्हणजे मरीयेच्या भावाला, आपण उठवणार आहोत हे तर त्याला ठाऊक होतं." आता बसून अख्खा अध्याय वाचावा लागतो. एकदा एक मुलगी बराच वेळ गप्प राहून म्हणाली, "मरीया रडत होती म्हणून." तिला त्या दिवशी सुवचन न म्हणताही पूर्ण गुण दिले.

नकाशा, घाट आणि तिफण

माझ्या मते या वयात सगळ्यात फायद्याची गोष्ट हीच: गोष्ट कुठे घडली ते बघणं. वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येकाने नकाशा काढायचा. गालील वर, यहूदिया खाली, मध्ये शोमरोन, उजवीकडे यार्देन. 'गालीलचा समुद्र' वाचून मुंबईची मुलं वरळीचा समुद्र डोळ्यांपुढे आणतात. तो समुद्र नाही, गोड्या पाण्याचं सरोवर आहे, लांबी साधारण २१ किलोमीटर, आणि समुद्रसपाटीच्या २०० मीटरहून जास्त खाली. भोवतीच्या डोंगरांवरून वारा एकदम खाली उतरतो. मग शिष्य कोळी असूनही वादळाला का घाबरले, ते समजतं.

चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीतला माणूस यरुशलेमेहून यरीहोला 'खाली' निघाला होता. यरुशलेम साधारण ७५० मीटर उंचीवर, यरीहो समुद्रसपाटीच्या सुमारे २५० मीटर खाली, आणि अंतर जेमतेम पंचवीस-सत्तावीस किलोमीटर. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना आपण अंदाजे ५०० मीटर उतरतो. इथे त्याच्या दुप्पट, आणि तेही ओसाड रानातून. घाट म्हटला की वाटमारी आलीच, हे मराठी मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. सांगावं लागतं ते शोमरोनी म्हणजे कोण. यहुदी आणि शोमरोनी एकमेकांचा संबंध टाळत. मी विचारते, तुमच्या गल्लीत असा कोण आहे, ज्याच्या हातचं पाणी घ्यायला घरचे का-कू करतील? वर्ग शांत होतो. हाच प्रश्न मोठ्यांच्या सभेत विचारला की कुणीतरी चहाचं बघायला उठतं.

पेरणाऱ्याच्या दाखल्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न मला नगर जिल्ह्यातल्या एका गावी, सुट्टीतल्या शिबिरात मिळाला. सहावीतला शेतकऱ्याचा मुलगा म्हणाला, "तो माणूस काही हुशार दिसत नाही. चाड्यावर मूठ धरली की बी नळ्यांतून काकरीतच पडतं. वाटेवर, खडकावर कशाला जाईल?" माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, कारण मी शहरातली, दाखला मी शंभरदा शिकवला होता आणि हे कधी मनात आलं नव्हतं. मग लक्षात आलं. दाखल्यातला शेतकरी तिफणीने पेरत नाही, बी हाताने फोकतो. मूठ फिरली की दाणे वाटेवरही जाणार आणि काट्यांतही. त्या मुलाने थोडा विचार केला आणि म्हणाला, "म्हणजे तो मोजून पेरत नाही." इतकं नीट मी त्या दाखल्याबद्दल कधी बोलले नव्हते. म्हणून अपेक्षा अशी: आपल्याला जे माहीत आहे ते वर्गात घेऊन यायचं. शेत, बाजार, आजीचं दळण, वडिलांची रिक्षा, सगळं.

प्रश्न विचारायचेच

येशूच्या बालपणाबद्दल शुभवर्तमानांत फार थोडं आहे. बाळपणानंतर थेट एकच प्रसंग येतो, लूकच्या दुसऱ्या अध्यायात, आणि तेव्हा तो बारा वर्षांचा आहे, म्हणजे माझ्याच वर्गाचा. आईवडील तीन दिवसांनी शोधत मंदिरात पोचतात तेव्हा तो गुरुजनांमध्ये बसून ऐकतोय आणि प्रश्न विचारतोय. आधी ऐकतोय, मग विचारतोय. क्रम दोन्हींचा लक्षात घ्यावा.

आमच्याकडे एक प्रश्नवही आहे. जलप्रलयात बुडालेल्या बाळांचं काय चुकलं? अब्राहामाने इसहाकाला नेलं तेव्हा साराला विचारलं होतं का? शेजारच्या आजी रोज पोथी वाचतात, त्यांचं देव ऐकतो का? नाव न घालता लिहिलं तरी चालतं. काहींची उत्तरं मी देते, काही पाळकसाहेबांकडे पाठवते, आणि काहींना "मला माहीत नाही" म्हणते. नव्या शिक्षकांना हे तीन शब्द म्हणायला दोन वर्षं लागतात.

वागणुकीबद्दल थोडक्यात

उपासना सुरू होण्याआधी पंधरा मिनिटं यायचं. वही, पेन्सिल. अर्पणाचं नाणं आदल्या रात्रीच खिशात. वर्गात सुट्टे मागायचे नाहीत. दुसऱ्याच्या प्रार्थनेवर टीका नाही. शाळेतला मित्र, मग तो कुठल्याही धर्माचा असो, आईवडिलांना विचारून आला तर त्याचं स्वागत आहे. त्याला उत्तरांसाठी उभं करायचं नाही, आणि त्याच्या घरच्या देवाची थट्टा झालेली मी खपवून घेत नाही.

शाळेतला बायबलचा तास वेगळा

पालक या दोन्हींची गल्लत करतात. शब्बाथशाळा मंडळीची आहे. मिशनच्या शाळेत वेळापत्रकात असलेला तास ही निराळी गोष्ट, आणि तिथे राज्यघटनेचं २८ वं कलम लागू होतं. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत ते दिलं गेलं, तरी पालकांच्या संमतीशिवाय अल्पवयीन मुलाला त्याला बसवता येत नाही. बऱ्याच ठिकाणी ख्रिस्ती मुलं या तासाला बसतात आणि बाकीच्यांना मूल्यशिक्षण असतं. ते ठीकच आहे. पण शाळेत तास होतो म्हणून रविवारी सुट्टी, हे गणित आम्हाला मान्य नाही.

पालकांकडून

शनिवारी रात्री पंधरा मिनिटं पुढचा पाठ सोबत वाचा. समजावून सांगू नका, फक्त वाचा. गृहपाठाची वही तुमच्या अक्षरात आली तर मला लगेच कळतं. आणि मुलाला गेटपाशी सोडून परत झोपायला जाऊ नका. आईबाबांना जिथे यावंसं वाटत नाही ती जागा महत्त्वाची नसते, हा हिशोब मुलं फार लवकर करतात.

आठवीनंतर

पुढे प्रत्येक मंडळीची रीत निराळी. १९७० मध्ये नागपूरला स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात ज्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणी झाला, त्यांच्यासाठी दृढीकरणाचे वर्ग असतात. काही मंडळ्यांत बाप्तिस्माच कळत्या वयात, स्वतःच्या कबुलीवर होतो. दोन्हीकडे पाळकसाहेब मुलाला समोर बसवून विचारतात, तुझा विश्वास काय? तिथे पाठ केलेलं उत्तर ओळखू येतं.

वर्ग सोडताना मुलांनी प्रश्नवहीत शेवटचा एक प्रश्न लिहून जायचा, अशी पद्धत पडली आहे. गेल्या मार्चमधल्या नोंदी परवा चाळत होते. एकाने लिहिलंय, "योना शेवटी घरी गेला का?" योनाचं पुस्तक खरंच मध्येच थांबतं. जूनमध्ये नव्या मुलांना मी हाच प्रश्न पहिल्यांदा देणार आहे.