खिडकीजवळचे टेबल

माणसाची स्मरणशक्ती मोठी सोयीची असते. जिभेवरची चव आणि खिडकीतला समुद्र ती पन्नास वर्षे जपून ठेवते. त्याच दिवशी, त्याच जागी दुसऱ्या कोणी काय सोसले याची नोंद मात्र तिच्या वहीत सहसा सापडत नाही.

अमेरिकेत लॉस एंजल्सच्या दक्षिणेस, पालोस व्हर्डीसच्या कड्यावर १९५४ साली ‘मरीनलँड ऑफ द पॅसिफिक’ हे सागरी उद्यान सुरू झाले. डिस्नेलँड त्याहून एका वर्षाने धाकटे. आखणी नामवंत वास्तुशिल्पी विल्यम परेरा यांची. समोर अथांग पॅसिफिक, हवा निवळली की क्षितिजावर कॅटालिना बेट, आणि दिवसभराच्या फेरफटक्यानंतर निवांत जेवायला उपाहारगृह. तेथे आईबापांचे बोट धरून गेलेली मुले आज साठी-सत्तरीत आहेत. जुनी चित्रपत्रे आणि भोजनपत्रिका जपत ती हळहळतात.

ही हळहळ खोटी आहे, असे कोण म्हणेल? आईवडील गेले, उद्यानही गेले. दोघांच्या भेटीचा उरलेला पत्ता म्हणजे ते टेबल. १९८६ च्या अखेरीस उद्यान विकले गेले. घेणाऱ्या कंपनीचे सॅन दिएगोत स्वतःचे सागरी उद्यान होतेच. जानेवारी १९८७ मध्ये ऑर्की आणि कॉर्की या ऑर्का देवमाशांना तिकडे हलविण्यात आले आणि फेब्रुवारीत फाटकाला कुलूप लागले. २००९ पासून त्या जागी आलिशान रिसॉर्ट उभे आहे.

परंतु त्या टेबलाच्याच आवारात पाण्याची कुंडे होती. कॉर्की ही मादी डिसेंबर १९६९ मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया किनाऱ्यावर पकडली गेली, तेव्हा ती जेमतेम चार वर्षांची होती. तिच्या कुळातले ऑर्का आयुष्यभर आईची सोबत सोडीत नाहीत. १९७७ साली तिला पिल्लू झाले. बंदिवासात जिवंत जन्मलेले ते पहिलेच ऑर्का. ते तीन आठवडेही जगले नाही. पुढेही तिचे एकही पिल्लू दोन महिने पुरे करू शकले नाही. उपाहारगृह गेले, तेथे जेवणारी मुले आजी-आजोबा झाली. कॉर्की मात्र २०२४ सालीही सॅन दिएगोच्या कुंडात फेऱ्या घालीत होती. ज्याला आपण गतकाळ म्हणून कुरवाळतो, तो तिच्यासाठी सरलेलाच नव्हता.

भारतात केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २०१३ साली डॉल्फिनांच्या खेळांना परवानगी नाकारली. आपल्या नातवंडांच्या आठवणींत त्यामुळे असे एखादे टेबल नसेल. त्यात काही बिघडले नाही. समुद्र पाहत जेवायला मालवणच्या किनाऱ्यावरही बसता येते. डॉल्फिन दिसले तर दिसले. नाही तर समुद्र आहेच.