आग्र्याला निघालात? मग शुक्रवार टाळा, आणि संकोचही!

मुलांच्या परीक्षा संपल्या, निकाल लागला, की घरोघरी एकच विषय निघतो. यंदा कुठं जायचं? कोकण झालं, महाबळेश्वर झालं, माहेर तर दरवर्षीचंच. मग कुणीतरी दिल्ली-आग्र्याचं नाव काढतं. मे महिन्यात उत्तरेकडे जाऊ नये हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण मुलांना सुट्टी मिळते ती मे महिन्यातच, त्याला काय करणार? म्हणून पंचेचाळीस अंशांच्या उन्हात ताजमहालाच्या दारात जी गर्दी लोटते, तिच्यात आपल्याकडच्या बायका हमखास दिसतात. एका हातात पाण्याची बाटली, दुसऱ्या हातात धाकट्याचं मनगट, आणि लक्ष सगळं सासूबाईंच्या चपलांकडे!

या गर्दीची काही माणसं वर्षभर वाट पाहत असतात, मैत्रिणींनो. त्यांच्याविषयी आज चार शब्द सांगायचे आहेत. मी काही फार हिंडलेली बाई नव्हे. पण एकदा चांगली फसले आहे, आणि त्याची हळहळ पैशांपुरती नाही.

"माताजी, ताज कल देखिए"

२०२३ च्या मे महिन्यातली गोष्ट. हे, मी, दोन मुलं आणि सासूबाई असे आम्ही पाचजण गुरुवारी सकाळी आग्रा कँट स्टेशनावर उतरलो. परतीची गाडी शुक्रवारी रात्रीची. सासूबाईंनी लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत कॅलेंडरवर ताजमहालाचं चित्र पाहिलं होतं. तो एकदा डोळ्यांनी बघावा असं तेव्हापासून त्यांच्या मनात. आधी मुलांची शिक्षणं, मग सासऱ्यांचं आजारपण, मग गुडघे. असं करता करता पंचेचाळीस वर्षं निघून गेली होती.

स्टेशनाबाहेर एक टॅक्सीवाला भेटला. तोंडानं इतका गोड की विचारू नका! सासूबाईंना 'माताजी' म्हणत त्यानं त्यांची पिशवी स्वतः उचलली. म्हणाला, "आज ताजला फार गर्दी आहे, माताजींना दोन तास उन्हात उभं राहावं लागेल. आज किल्ला बघा, थोडी खरेदी करा. ताज उद्या पहाटे आरामात दाखवतो." यांना ते पटलं. दोन दिवसांचं भाडं आगाऊ दिलं.

मला मात्र पुसटसं आठवत होतं, की ताज शुक्रवारी बंद असतो. शब्द अगदी ओठांवर आले होते. पण वाटलं, हा माणूस इथलाच, याला माहीत नसेल का? शिवाय यांचं बोलणं चाललेलं. चारचौघांत मध्येच तोंड घालायचं कसं? मी गप्प बसले.

तो दिवस किल्ल्यात कमी आणि दुकानांत जास्त गेला. एका दुकानात 'ताज बांधणाऱ्या कारागिरांचे वंशज' भेटले. थंडगार सरबत आलं, पंखा आमच्याकडे वळवला गेला. सरबत प्यायल्यावर रिकाम्या हातानं उठणं बरं दिसेना. तीन हजार आठशे रुपयांना संगमरवरी ताज आणि एक डबी घेऊन आम्ही बाहेर पडलो.

शुक्रवारी पहाटे टॅक्सी आली नाही. फोन बंद. शेवटी बॅटरीवरच्या रिक्षेनं ताजच्या दारापर्यंत गेलो, तर दार बंद. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "असू दे ग, योग नसेल." त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सगळेच लबाड नसतात, हेही सांगितलं पाहिजे. तो रिक्षावाला साधा माणूस होता. यमुनेच्या पलीकडे मेहताबबाग आहे, तिथून ताज दिसतो आणि ती शुक्रवारीही उघडी असते, हे त्यानं आपणहून सांगितलं. संध्याकाळी घेऊन गेला, ठरल्यापेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही. सासूबाईंनी नदीच्या अल्याडहून ताज पाहिला, हात जोडले, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. आता त्यांचे गुडघे एवढ्या प्रवासाला साथ देत नाहीत.

त्या टॅक्सीवाल्याचं गणित मला पुढं कळलं. प्रवासी पहिल्याच दिवशी ताज बघून मोकळा झाला, तर याच्या हाती एका दिवसाचं भाडं. ताज 'उद्या'वर ढकलला, की दोन दिवसांचं भाडं आणि वर दुकानदारांकडून दलाली. ही दलाली आपल्याच बिलातून जाते, बरं का!

घरून निघताना

बेत आखताना आधी वार बघा. ताजमहाल दर शुक्रवारी बंद. इतर दिवशी सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतो आणि सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी बंद होतो. उन्हाळ्यात पहाटेच जावं. गर्दीही कमी आणि संगमरवराचे चटकेही बसत नाहीत.

तिकिटाचे दर वहीत लिहून ठेवा. भारतीयांना ५० रुपये. मुख्य घुमटाखाली कबरींपाशी जायचं असेल तर आणखी २०० रुपये. १५ वर्षांखालील मुलांना तिकीट नाही. म्हणजे मुलांचं 'खास तिकीट' कुणी विकू लागला, तर पुढं चालू लागा. तिकीट तीन तास चालतं. पुरातत्त्व खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर ते घरबसल्या काढता येतं. मात्र हुबेहूब दिसणारी भलतीच संकेतस्थळंही असतात. पैसे भरण्यापूर्वी नाव नीट वाचा.

ताजच्या दारात

पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना ताजच्या अगदी जवळ जाऊ देत नाहीत. पूर्वेकडच्या दारासाठी शिल्पग्रामच्या वाहनतळावर उतरायचं आणि पुढं बॅटरीच्या गाडीनं किंवा पायी जायचं. नेमक्या याच टप्प्यावर माणसं गाठतात. "रांग फार मोठी आहे, मी बाजूच्या दारानं नेतो." असं बाजूचं दार नसतं. "बुटांवरचे कापडी मोजे घेतल्याशिवाय आत सोडत नाहीत." तेही खोटं, मुख्य इमारतीपाशी चपला काढून ठेवल्या तरी चालतं.

वाटाड्या घ्यायचाच असेल तर फोटो असलेला परवाना बघून घ्या. रक्कम, वेळ आणि 'मध्ये दुकान नाही' या तिन्ही गोष्टी आधी बोलून टाका. फोटोग्राफरलाही किती फोटो आणि किती पैसे ते आधीच विचारा. नाहीतर दहा सांगितलेले फोटो चाळीस होतात, आणि मुलांचे चेहरे पाहून नको म्हणवत नाही.

खाण्याचे डबे आत नेऊ देत नाहीत, पाण्याची बाटली चालते. म्हणून मुलांना आधीच खाऊ घाला. भुकेलं मूल रडू लागलं की आपण कुणाचंही ऐकतो.

संगमरवर की शंखजिरं?

घरी आल्यावर मी तो ताज धुवायला घेतला आणि माझ्या नखाचा ओरखडा त्यावर उमटला! खरा संगमरवर नखाला दाद देत नाही. शंखजिरं मऊ, त्यावर नख सहज उमटतं. जिप्समच्या जातीचा पांढरा मऊ दगडही असतो, तोही नखानं खरवडतो. दुकानदार वस्तूखाली विजेरी लावून "बघा, उजेड आरपार जातो" म्हणतो. त्यावर जाऊ नका. तो मऊ दगडही उजेड आरपार सोडतो. वस्तू उलटी करा आणि तळाशी नख ओढून बघा. दुकानदारानं हात धरला, तर समजायचं ते समजा.

घरी आणलेल्या वस्तूची आणखी एक परीक्षा आहे. तळाशी लिंबाच्या रसाचा थेंब टाका. संगमरवर असेल तर बारीक बुडबुडे येतात. थेंब लगेच पुसा, कारण त्यानं झिलई जाते.

पेठा घेताना डबा उघडून, चव घेऊन, समोर वजन करून घ्या. कोहळ्याची मिठाई ती; उन्हाळ्यात ओलसर पेठा लांबच्या प्रवासाला आणू नका, कोरडा घ्या.

किल्ला आणि फत्तेपूर सिक्री

आपण मराठी माणसं म्हटल्यावर किल्ल्यात शिवाजी महाराजांचं नाव निघणारच. महाराजही आग्र्याच्या दरबारात गेले ते मे महिन्यातच, १२ मे १६६६ रोजी. पण "महाराजांना इथं कोठडीत ठेवलं होतं" असं सांगून कुणी वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. महाराज किल्ल्यातल्या कोठडीत नव्हते. त्यांचा मुक्काम रामसिंगाच्या निवासाजवळ होता आणि पहारा तिथं बसला होता. ते मिठाईच्या पेटाऱ्यांच्या युक्तीनं निसटले. आपण मात्र मिठाईच्याच दुकानात सापडतो!

फत्तेपूर सिक्रीला राजवाड्याच्या भागाला तिकीट आहे, पण सलीम चिश्तींच्या दर्ग्याला आणि मशिदीला नाही. तिथं "चादर चढवलीत तर मुलांना आयुष्य लाभेल" असं म्हणत आपल्या श्रद्धेला हात घालतात. मुलांचं नाव घेतलं की आई विरघळते, हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. नमस्कार करायला काही विकत घ्यावं लागत नाही.

तरीही फसलात तर

मोबाईलवरून पैसे देताना एक लक्षात ठेवा: पैसे मिळण्यासाठी गुप्त आकडा कधीच टाकावा लागत नाही. "परतीचे पैसे पाठवतो, आकडा टाका" म्हणणारा चोरच. असे पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितकी आशा कमी. पर्यटकांसाठी १३६३, तातडीच्या मदतीसाठी ११२ आणि खरेदीच्या तक्रारीसाठी ग्राहकांचा १९१५. हे आकडे मोबाईलबरोबर कागदावरही लिहून पर्समध्ये ठेवा. भाडं कधीही पुरतं आगाऊ देऊ नका, आणि गाडीच्या नंबराचा फोटो आधी काढून घ्या.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. दारावरच्या भाजीवालीशी आपण पाच रुपयांसाठी वाद घालतो, आणि परगावी अनोळखी माणसाला "नको" म्हणायला लाजतो. ही लाज म्हणजेच त्यांचं भांडवल. सरबत प्यायलं म्हणून खरेदी केली पाहिजे, असा कुठलाच कायदा नाही. यजमान बोलत असले तरी "अहो, जरा थांबा, मला एक विचारायचंय" म्हणण्यात त्यांचा अपमान होत नाही. ते क्षणभर चिडतील. पण तो राग गाडी सुटेपर्यंत जातो, हळहळ मात्र जात नाही.

परवा शेजारची नवी सून आग्र्याला निघाली म्हणून काय काय सांभाळायचं ते विचारायला आली. मी यादी लिहायला बसले, तेवढ्यात सासूबाईंनी आतून हाक दिली, "तिला सांग, वार बघून जा. आणि मनात शंका आली ना, तर गप्प बसू नकोस म्हणावं."

यादीत मी तेच पहिलं लिहिलं.